व्हिएतनाममध्ये खायचं असेल तर पहाट सोडू नका

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात शेतकरी गटासोबत व्हिएतनामचा अभ्यास दौरा आहे. तुम्ही सगळं खाता, वहिनी माळकरी आहेत. जाऊन आलेले लोक सांगतात की तिथं खायचे फार वांधे होतात, दहा-बारा किलो फराळाचं घेतल्याशिवाय निघू नका. आणि तुम्ही लिहिता की नुसतं पोट भरायचं नाही, तिथलं खाऊन बघायचं आहे. वरूडकडच्या माणसानं हे शेवटचं वाक्य लिहिलं म्हणून सविस्तर लिहितो. एरवी मला लोक 'तिथं पोळी मिळते का' एवढंच विचारतात.

पोळी मिळते. हनोई, दानांग, हो ची मिन्ह सिटी, सगळीकडे भारतीय हॉटेलं आहेत. खरा घोळ तिथूनच सुरू होतो. गटाचा दौरा लावणारा दुपारचं आणि रात्रीचं जेवण अशाच ठिकाणी ठरवतो. चाळीस माणसं एका वेळी बसवता येतात, बिल एकच, तक्रार कमी. त्याच्या जागी मी असतो तेव्हा मलाही तेच सोयीचं पडतं. पण मग रोज तेच पनीर, तीच पिवळी डाळ, तोच मैद्याचा नान. माणूस परत येतो आणि पारावर सांगतो की त्या देशात खायला काही नाही. त्याच्यापुरतं ते खरंच असतं, कारण त्याच्या ताटात तो देश आलाच नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं: दुपारच्या-रात्रीच्या जेवणावरून आयोजकाशी भांडत बसू नका, सकाळ आपल्या ताब्यात घ्या. व्हिएतनामी माणूस उत्तम खातो तो सकाळी, रस्त्याच्या कडेला, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कामाला जायच्या आधी. सहा ते आठ ही त्याची वेळ. साडेनऊनंतर चांगल्या गाड्यांवरचं पातेलं रिकामं होतं आणि बाई भांडी घासायला घेते. तुमची बस हॉटेलवरून निघणार साडेआठला. म्हणजे रोज दीड-दोन तास तुमचे हक्काचे आहेत, आणि बहुतेक लोक ते हॉटेलच्या बुफेत पावाला जॅम लावण्यात घालवतात.

यात शेतकऱ्याला एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला नाही. व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. तुम्ही घरी साडेचारला उठून गोठ्यात जात असाल, तर त्या वेळी हनोईत सहा वाजलेले असतात. पहिल्या दिवसापासून, गजर न लावता, तुमची झोप बरोबर फोच्या वेळेला उघडते. शहरी मंडळी तेव्हा घोरत असतात.

आता फो म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण पहिली सकाळ त्यावरच घालवावी असं मला वाटतं. तांदळाच्या चपट्या शेवया, त्यावर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, आणि वरून हाडांचं तासन् तास मंद आचेवर उकळलेलं पाणी. पाणी म्हणतो, पण सगळा जीव त्या पाण्यातच आहे. आलं आणि कांदा विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून घालतात, सोबत चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग. आपल्या काळ्या मसाल्याच्या डब्यातलीच मंडळी आहेत, फक्त इथं ती दळलेली नसतात, तेलात परतलेली नसतात, तर्री नसते. म्हणून पहिला घोट घेतला की सावजी खाणारी जीभ म्हणते, फिकं आहे. थांबा. लगेच मिरचीकडे हात नेऊ नका. चार-पाच घोट तसेच घ्या, मग लिंबू पिळा, मग मिरचीचे दोन काप टाका. आधीच लाल सॉस ओतला तर शेवटपर्यंत सॉसच खाल.

गाडीसमोर उभं राहून बघण्यासारखं असतं. बाई एका वाडग्यापुरत्या शेवया लांब दांड्याच्या गाळणीत घेते, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, झटकते, वाडग्यात उलटी करते. सुऱ्यानं कोंबडीचे काप, मूठभर पात, आणि मग डावभर ते उकळतं पाणी. सगळं मिळून एक मिनिटही लागत नाही. ती रोज हा एकच पदार्थ करते, दुसरा नाही. हीच जागा ओळखायची खूण आहे. जिथं भिंतीवर पदार्थांचे रंगीत फोटो आणि सहा भाषांतली यादी आहे, तिथून पुढे चला. जिथं एकच पातेलं, एकच पदार्थ आणि शाळेच्या गणवेशातली पोरं बसलेली आहेत, तिथं बसा.

इथं एक सावधगिरी. फो दोन प्रकारचा, 'फो बो' आणि 'फो गा'. बो म्हणजे गोमांस, गा म्हणजे कोंबडी. आपली माणसं 'गा' ऐकून दचकतात आणि बिनधास्त 'बो' मागवतात, म्हणजे नेमकं उलटं होतं. हे दोन शब्द विमानात बसायच्या आधी पाठ करा. शिवाय ज्या दुकानात दोन्ही मिळतं, तिथं पाणी एकाच पातेल्यातलं असू शकतं. गोमांस चालत नसेल तर फक्त फो गा विकणारी गाडी शोधा, अशा गाड्या पुष्कळ आहेत. डुकराचं मांस चालत नसेल तर 'हेओ' आणि 'लोन' हे दोन शब्द लक्षात ठेवा. दक्षिणेत हेओ म्हणतात, उत्तरेत लोन. मासा म्हणजे 'का', अंडं म्हणजे 'त्रुंग'. आणि कुत्र्याच्या मांसाचा जो प्रश्न प्रत्येक गटात कुजबुजत विचारला जातो, त्याचं उत्तर: ते तिथं काही ठिकाणी खातात, पण त्याची दुकानं वेगळी असतात. तुमच्या वाडग्यात गुपचूप कुणी टाकत नाही.

दुसऱ्या सकाळी बान कुओन बघा. बघा असंच म्हणतो, कारण खाण्याइतकंच ते करताना पाहण्यात मजा आहे. उकळत्या पाण्याच्या पातेल्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलेलं असतं. त्यावर बाई तांदळाचं पातळ पीठ पळीनं गोल फिरवते, झाकण ठेवते, काही क्षणांत काढते, आणि बांबूची चपटी काडी खालून सरकवून ओला, पारदर्शक, कागदासारखा पातळ पापुद्रा अलगद उचलते. फाटत नाही. त्यात डुकराचा खिमा आणि काळ्या अळंबीचं सारण घालून गुंडाळते, वर तळलेला कांदा. ताट तुमच्यासमोर येतं तेव्हा वाफ निघत असते. आपल्या गटातल्या बाया इथून हलत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव. कापड कोणतं, पीठ किती वेळ भिजवता, हे हातवाऱ्यांनी विचारतात आणि हातवाऱ्यांनीच उत्तर मिळतं.

वहिनींसाठी सकाळी 'सोय' नावाचा पदार्थ. म्हणजे चिकट तांदळाचा वाफवलेला भात, शेंगदाणे किंवा मूगडाळ घालून. शेंगदाण्याचा घ्यायचा आणि वर तीळ-शेंगदाण्याची मिठातली भरड टाकून मागायची. टोपलीत झाकून विकायला बसलेली बाई सकाळी कोणत्याही बाजारात दिसते. हातात घेऊन चालता चालता खाता येतो. वर तळलेला कांदा घालू देऊ नका, तो कधी कधी चरबीत तळतात. एवढी काळजी घेतली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता वहिनींचा प्रश्न पूर्णच घेतो, कारण गटातल्या शाकाहारी माणसाला सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो. 'व्हिएतनाममध्ये शाकाहारी माणूस उपाशी मरतो' हे साफ खोटं, आणि 'भाजी मागवली की झालं' हे त्याहून खोटं. साध्या खानावळीत पालेभाजी, वांगं, टोफू काहीही मागवा, त्यात नुओक माम पडलेला असू शकतो. हा माशाचा अर्क. छोटे मासे आणि मीठ लाकडी पिंपात थरावर थर लावून वर्षभर मुरवतात आणि खाली गळणारं तांबूस पाणी बाटलीत भरतात. फू क्वोक बेटावरच्या अर्काला 2012 मध्ये युरोपीय संघानं तिथल्या मूळ स्थानाच्या नावाचं संरक्षण दिलं. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जातीची ही गोष्ट. तिथल्या स्वयंपाक्याला हा अर्क मीठच वाटतो, मासा वाटत नाही. म्हणून 'मांस नको' सांगितलं तरी तो घालतो, आणि त्यात फसवणूक काही नसते.

मार्ग असा. तिथले बौद्ध महायान परंपरेचे, आणि त्यांच्यात शाकाहाराची जुनी, काटेकोर रीत आहे. त्या जेवणाला 'चाय' म्हणतात. पाटीवर रोमन अक्षरांत सी, एच, ए, वाय असं दिसलं की आत शिरा. तिथं मांस नाही, मासा नाही, माशाचा अर्कही नाही. काही ठिकाणी तर कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यालाही हरकत नाही. अंड्याचं मात्र विचारून घ्या. वहिनींना एक वाक्य शिकवा, 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी खाते. उच्चार तिथल्या लोकांना कळेलच असं नाही, त्यांची भाषा सुरांची आहे. म्हणून हॉटेलच्या काउंटरवर जाऊन हेच वाक्य, आणि 'माशाचा अर्क नको' हे दुसरं, त्यांच्या लिपीत कागदावर लिहून घ्या. कागद पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद चालतो.

आणि घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठेवा. तिथं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांस खात नाहीत. पंधरावा दिवस म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या आसपास, पहिला अमावस्येच्या आसपास. एखादा दिवस इकडे-तिकडे होतो. त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही चायची पाटी लागते, देवळांभोवती गर्दी असते, आणि वहिनींना निवड करायला मिळते. दौऱ्यात तो दिवस कुठल्या गावी पडतो हे आधी कळलं तर रात्रीचं जेवण आयोजकाकडून मोकळं मागून घ्या.

एक गोष्ट आधी सांगितली नाही तर चायच्या हॉटेलात हमखास गोंधळ होतो. ताटात हुबेहूब माशासारखं, कोंबडीच्या तंगडीसारखं काहीतरी येतं, आणि माळकरी माणूस ताट सरकवून उठतो. ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या चिकाचं केलेलं असतं. खाल्लं तरी व्रत मोडत नाही. पण मनाला पटत नसेल तर नका खाऊ. त्याच दुकानात साध्या भाज्यांचं ताटही असतं, काचेआड मांडलेलं, बोट दाखवा की भातावर वाढतात.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर इथं जरा थांबतो. आपल्याकडे आर्वीपासून वाशीमपर्यंत खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. कापूस कमी करून लावलं, कर्ज काढून लावलं. आणि आपल्या स्वयंपाकघरात ते येतं ते तेलाच्या पिशवीतून, फार तर वड्यांच्या पाकिटातून. दाणा म्हणून आपण त्याच्याकडे बघतच नाही. तो बाजार समितीत जातो, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि पेंड कोंबड्यांना. व्हिएतनाममध्ये त्याच दाण्याचं सकाळी गरम दूध विकतात, 'सुआ दाउ नान', ग्लासभर किंवा पिशवीत नळी घालून. दुपारी त्याचा टोफू जेवणात. संध्याकाळी त्याचंच मऊ, थरथरणारं दही आल्याच्या गुळचट पाकात घालून वाटीत देतात. त्याला हनोईत 'ताओ फो' म्हणतात. हे गोड वहिनींना चालेल, आणि मला विचाराल तर त्या देशातलं सगळ्यात सुंदर गोड हेच. चपट्या पळीनं वरचा थर तासून तासून वाटीत उतरवतात, दाबत नाहीत, मग पाक.

जमलं तर बाजारामागे टोफू करणाऱ्याच्या घरी डोकवा. सोयाबीन रात्रभर भिजवतात, पाणी घालून वाटतात, कापडातून पिळतात, दूध उकळतात, मग आदल्या दिवशीचं आंबट पाणी थोडं थोडं घालून फाडतात, साच्यात दाबतात. साच्यातून काढलेला ताजा टोफू गरम असतानाच नुसत्या मीठ-मिरीशी खाऊन बघा. आपल्याकडे मॉलमध्ये मिळणारा, पाण्यात बुडवून ठेवलेला रबरी तुकडा खाऊन ज्यानं टोफूला नावं ठेवली, त्यानं हा एकदा खावा. आपल्या गटातल्या सोयाबीन पिकवणाऱ्यांनी शेताच्या भेटीत जितका वेळ काढला, त्याच्या निम्मा तरी इथं काढावा असं मी प्रत्येक वेळी आयोजकांना सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत ते अजून आलेलं नाही.

दुपारबद्दल थोडंच. तिथं जेवणाची वेळ अकरा ते साडेबारा. एकनंतर दुकानदार दुकानातच आडवा होतो. हनोईत एखादी दुपार मोकळी मिळाली तर, डुक्कर चालत असेल तर, बुन चा खा: कोळशावर भाजलेलं मांस, आंबटगोड पाण्यात बुडवलेलं, सोबत तांदळाच्या गार शेवया आणि परडीभर पाला. 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामा हनोईत अशाच एका साध्या दुकानात, तसल्याच बुटक्या स्टुलावर बसून हे जेवले होते. दुकानदारानं नंतर ते टेबल काचेत बंद करून ठेवलं. तुम्ही शेजारच्या गल्लीत खाल्लं तरी चालेल, गर्दी कमी असते.

दक्षिणेकडे गेलात की बान सेओ मागवा. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, म्हणजे आपलं धिरडंच, फक्त कढईएवढं मोठं आणि कडा कुरकुरीत. आत कोळंबी, डुकराचं मांस, मोड आलेले मूग. चायच्या दुकानात अळंबी आणि मूग घालून करतात. हे हातानं खायचं असतं. तुकडा मोडायचा, मोहरीच्या पानात ठेवायचा, वर दोन-तीन प्रकारची सुगंधी पानं, गुंडाळायचं, बुडवायचं, तोंडात. काड्यांनी खाता येत नाही म्हणून जेवणात कोपऱ्यात बसणारे आपले म्हातारे इथं सगळ्यांच्या पुढे असतात.

पाल्यावरून पोटाकडे येतो. तिथल्या जेवणात कच्चा पाला फार, आणि आपल्या पोटाला पाणी नवं. पहिले दोन दिवस कच्चा पाला टाळा किंवा फोच्या उकळत्या पाण्यात बुडवून खा. मग हळूहळू सवय करा. पाणी बाटलीचंच. बर्फाला सगळे घाबरतात, पण मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातून येतो, तो सहसा चांगला असतो. लादी फोडून टाकलेला नको. समोर शिजून गरम वाढलेलं आणि गिऱ्हाईक सारखं येतंय असं दुकान, एवढं बघितलं तर रस्त्यावरचं खाणं हॉटेलच्या तासन् तास मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर फोचं सगळं पाणी पिऊन वाडगा चाटू नका, मीठ भरपूर असतं. मधुमेह असेल तर त्यांच्या कॉफीपासून जपा, ग्लासाच्या तळाशी बोटभर गोड आटीव दूध असतं. कॉफीत तो देश ब्राझीलखालोखाल जगात दुसरा आहे, आणि त्यांची रोबस्टा जातीची कॉफी इतकी कडक की एक पेला पुरतो. गोड नको असेल तर काळी मागा, पण मग तिची कडू चव सोसायची तयारी ठेवा.

पैशांचं एकच. तिथं नोटांवर शून्यं फार. एका रुपयाला अंदाजे तीनशे डोंग धरा. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. पहाटेच्या अंधारात वीस हजाराऐवजी पाच लाख दिले जातात. मोठी नोट वेगळ्या खिशात. आणि वाडगाभर फोसाठी घासाघीस करू नका. शेजारचा किती देतो ते बघा, तेवढेच द्या.

तुम्ही संत्र्यावाले, म्हणून हेही सांगतो. मेकाँगच्या खोऱ्यात 'काम सान' नावाचं संत्रं मिळतं, हिरवंगार. आपले बागायतदार हातात घेऊन हसतात, कच्चीच तोडली म्हणतात. कापून बघा, आत केशरी आणि रसाळ. सालीतला हिरवा रंग उतरायला रात्रीचा गारवा लागतो. आपल्या आंबिया बहाराच्या फळाला तो नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतो, तिथं रात्रीही उकाडा, म्हणून फळ पिकलं तरी साल हिरवीच राहते. तिथलं गिऱ्हाईक हिरव्या सालीला भाव पाडून मागत नाही, हे ऐकून वरूड-मोर्शीची मंडळी जरा गप्प होतात. त्यांच्या पद्धतीनं मीठ-मिरची लावून पेरू आणि हिरवा आंबाही खा. उसाच्या रसात ते लिंबाऐवजी बारीक आंबट संत्रं पिळतात, तो रस प्यायल्याशिवाय येऊ नका.

दौऱ्यात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जेवण असेल तर ते भारतीय हॉटेलातल्या दहा जेवणांच्या वर आहे. आयोजकाकडे त्याचा आग्रह धरा. चपला बाहेर. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सुरुवात केल्याशिवाय हात लावायचा नाही. काड्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, ते मेलेल्या माणसापुढे उदबत्ती लावल्यासारखं दिसतं आणि त्यांना फार खटकतं. यजमान चांगला तुकडा उचलून तुमच्या वाटीत टाकतो, तो मान असतो. खाता येत नसेल तर सांगा, लपवू नका. वहिनींसाठी 'चाय' आधीच कळवलं तर घरची बाई मनापासून टोफू आणि भाज्या करते. मग येते घरी गाळलेली तांदळाची दारू. इथं मात्र माझं ऐका. ओठाला लावा, हसा, खाली ठेवा. 'आम्हाला मोहाची सवय आहे' असं म्हणणारे प्रत्येक गटात असतात. गाळलेल्या दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, गेलं की सवयीचा उपयोग नसतो. शेजारच्या लाओसमध्ये 2024 च्या नोव्हेंबरात अशा दारूनं सहा परदेशी पर्यटक दगावले.

राहिलं फराळाचं. दहा किलो नका नेऊ. पहिल्या दिवसाच्या प्रवासापुरत्या दशम्या, एक डबा जवसाची चटणी, एक पुडी भिवापुरी मिरचीचं तिखट, आणि अडीअडचणीला सातूचं पीठ. वहिनींसाठी थोडा चिवडा. एवढ्यात भागतं. ठेचा आणि लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात, मोठ्या सामानात नीट बांधा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. विमान दुबई किंवा सिंगापूरमार्गे असेल तर खसखस कणभरही नको: अनारसे नकोत, खसखस घातलेला वाटणाचा मसाला नको. त्या देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि 'घरचा फराळ आहे साहेब' हे तिथं चालत नाही. सिंगापूरला चघळायच्या तंबाखूवरही बंदी आहे, म्हणजे खर्रा घरीच. खर्रा सोडून जायला दुसरंही एक कारण आहे. गालात खर्रा धरून बसलेल्या माणसाला फोचं पाणी फिकंच लागणार, आणि मग तो तिथल्या स्वयंपाकाला नावं ठेवणार.

येताना मिरी आणा, काजू आणा, कॉफी गाळायचा तो छोटा पत्र्याचा पेला आणा. मिरीच्या आणि काजूगराच्या निर्यातीत तो देश जगात पहिला आहे. शहरातल्या साध्या बाजारातून घ्या, विमानतळावरून नको. ड्रॅगन फ्रूटच्या फांद्या, त्या हिरव्या संत्र्याच्या कलमासाठीच्या डोळकाड्या, बिया यातलं मात्र काहीही मोज्यात गुंडाळून आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर इथल्या विमानतळावर सगळं जप्त होतं. आणि संत्र्यावरचा नवा रोग त्या काडीसोबत वरूडला पोचला, तर तो तुमच्या एकट्याच्या बागेत थांबणार नाही.